कायपर साहेबांचं सतरावं पान

गेल्या महिन्यात हॉलंडहून एक पत्र आलं. पाठवणाऱ्या बाई म्हणजे आमच्या कायपर साहेबांची पुतणी. साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांच्या गावात एका लहानशा पुलाला त्यांचं नाव द्यावं असं काही लोकांनी मनावर घेतलंय, आणि काहींनी ते होऊ द्यायचं नाही असं मनावर घेतलंय. एक बाजू म्हणते, या माणसाने ईस्ट इंडीजमध्ये डच सरकारचा अधिकारी असताना कालवा खणला आणि तीन गावं जेवू घातली. दुसरी बाजू म्हणते, कालवा साहेबाने नाही खणला, तिथल्या लोकांना वेठीला धरून खणवून घेतला, आणि त्यात माणसं मेली. काकांच्या कागदांत बाईंना माझा पत्ता मिळाला. त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही त्यांना कुवेतमध्ये इतकी वर्षं जवळून पाहिलंत. माणूस म्हणून ते कसे होते, हे दोन ओळींत कळवाल का?"

दोन ओळींत! जन्मभर मी दुसऱ्यांच्या ओळी टाइप केल्या, एक अक्षर कधी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि या दोन ओळींसाठी चार कागद फाडले. पाचवा फाडायच्या आधी ठरवलं की ओळी मोजत बसायचं नाही. बाईंना काय पाठवायचं ते मग बघू.

मी कुवेतला गेलो तो मुंबईहून बोटीने, पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. रत्नागिरीच्या टायपिंग क्लासचं सर्टिफिकेट मेणकापडात गुंडाळून छातीशी धरलेलं. शुवैखला बंदराचं काम जोरात चाललं होतं आणि त्यातल्या एका डच कंपनीच्या कॅम्पात आमच्याच गावचे बशीरभाई स्टोअरकीपर होते. त्यांनी मला बोटीवरून उतरवून घेतलं, अंघोळ करायला लावली आणि सरळ कायपर साहेबांपुढे उभं केलं. साहेब कॅम्पचे ॲडमिनिस्ट्रेटर. इंजिनियर नव्हेत, पण मजुरांचं राहणं, खाणं, पाणी, आजारपण, रजा, भांडणं, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं.

पन्नाशीचा उंच, हडकुळा माणूस. खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे आणि त्या उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. डाव्या कानाने त्यांना ऐकू यायचं नाही. लढाईत जपान्यांनी त्यांना साडेतीन वर्षं कैदेत ठेवलं होतं, तिथे कुणीतरी कानशिलात भडकावली होती म्हणे. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करायचे आणि बघायचे भलतीकडेच. नव्या माणसाला वाटायचं, साहेबांचं आपल्याकडे लक्ष नाही. लक्ष पुरं असायचं.

त्यांनी हाताने लिहिलेला एक डच मजकूर माझ्यापुढे ठेवला.

"ही भाषा येते?"

"नाही सर."

"एक शब्दसुद्धा?"

"एकही नाही सर."

"उत्तम. टाइप करा."

मी अक्षराला अक्षर जुळवत पान उतरवलं. एकेका शब्दात दोन-दोन आ आणि दोन-दोन ओ, पण चूक एक नाही. साहेबांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या, मिस्टर परकार." मला वाटलं, माझ्या हातावर खूश झाले. बशीरभाईंनी संध्याकाळी सगळ्या कोकणी पोरांना बोलावून चहा पाजला. साहेबांना चांगला टायपिस्ट नको होता, मजकूर न कळणारा टायपिस्ट हवा होता, हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली.

साहेबांना पाण्याचं वेड होतं. उजाडायच्या आत ते काठी घेऊन कॅम्पात फिरायचे आणि प्रत्येक टाकीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. टाक्या तेरा. तेराही चाखल्याशिवाय कॉफी नाही. टँकरवाल्या इराण्याने एकदा खारट पाणी भरलं, तर साहेबांनी त्याला त्याच पाण्याचा चहा करून पाजला आणि वर बिस्किटंही दिली. मजूर शेकड्यांनी होते, मलबारी, पंजाबी, बलुची, इराणी, ओमानी. पण साहेबांना माणूस दिसला की त्याचं नाव आणि गाव दोन्ही आठवायचं. आणि कुणीही काहीही सांगायला आलं, की त्यांचा ठरलेला सवाल: "कागदावर आहे?" आजारी आहेस, कागदावर आहे? भावाचं लग्न आहे, कागदावर आहे? कागदावर असलं की लगेच होकार, नसलं की मला हाक. "मिस्टर परकार, याचं कागदावर घ्या." बशीरभाई त्याची नक्कल फार छान करायचे. मी साखर जास्त मागितली की मान वाकडी करून विचारायचे, "कागदावर हाय काय, परकार?"

त्यांची एक गोष्ट कॅम्पात पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवायचं, असा नियम साहेबांनी कंपनीकडे पाठवला. मोठा इंजिनियर म्हणाला, बंदर उन्हाळ्यासाठी थांबत नाही. साहेब वाद घालायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबर साडेबाराला उघड्या मैदानात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडायला लावल्या आणि इंजिनियरला चर्चेला बोलावलं. टोपी काढून समोर ठेवली. मग फाईल उघडून मसुदा वाचायला घेतला, एकेक वाक्य, सावकाश, मधे मान वळवून "काय म्हणालात?" असं विचारत. आम्ही सगळे शेडमधून बघत होतो. इंजिनियरचं तोंड लाल झालं, मग पांढरं पडायला लागलं. तिसऱ्या पानावर त्याने पेन मागितलं.

त्या दिवसापासून आमच्या कॅम्पात बारा ते तीन भोंगा बंद. आसपासच्या कॅम्पांत माणसं उन्हाने पडत होती, आमच्यात त्या उन्हाळ्यात कुणी गेलं नाही. एक म्हातारा बलुची मजूर रोज नमाजनंतर साहेबांचं नाव घेऊन दुआ मागायचा. मी कानांनी ऐकली आहे ती दुआ. पुतणीबाईंना हे कळवायलाच हवं.

मी साहेबांना एकदा विचारलं, की या नियमासाठी एवढा हट्ट का. ते म्हणाले, "एकदा मी काम थांबवलं नव्हतं." आणि पुढच्या कागदाकडे वळले. मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या साइटवरची गोष्ट असेल.

शुक्रवारी कॅम्पाला सुट्टी. सकाळी जुम्याच्या नमाजपर्यंत मी साहेबांच्या खोलीवर जाऊन त्यांचं खाजगी काम टाइप करायचो. म्हणजे तोच डच मजकूर. तो काय आहे हे त्यांनी एकदाच समजावून सांगितलं. त्यांच्या नोकरीत असा रिवाज होता की अधिकाऱ्याची बदली झाली की त्याने मागून येणाऱ्यासाठी एक टिपण लिहायचं: नद्या कुठे, रस्ते कुठे, मुखिया कोण, तंटे कोणते, मी काय केलं, काय राहिलं. देणाऱ्याने खाली सही करायची, घेणाऱ्याने करायची, आणि मग देणारा मोकळा. मला लगेच समजलं. आमच्या रत्नागिरीच्या कचेरीतही चार्ज दिल्याशिवाय कारकून टेबल सोडत नसे. साहेबांनी ईस्ट इंडीजमधल्या सेलेबीस बेटावरचा एक जिल्हा दहा वर्षं सांभाळला होता. मग जपानी आले आणि त्यांना टेबलावरून उठवून घेऊन गेले. चार्ज द्यायचा राहिला. लढाई संपल्यावर तो देशच स्वतंत्र झाला.

"मग सर, आता हा चार्ज कोणाला देणार?"

"जो घेईल त्याला."

मला तेव्हा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. राज्य गेलं, कचेरी गेली, खुर्चीसुद्धा कुणी सरपणाला नेली असेल, आणि हा भला माणूस दर शुक्रवारी चार्ज द्यायला बसतो. पण त्यांचा त्या कामाचा अभिमान मोठा होता. ड्रॉवरमधून कालव्याचा फोटो काढून दाखवायचे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधून सरळ पाणी. "डोंगर फोडून आणलंय हे पाणी. मी नसतो तर ती गावं अजून पावसाची वाट बघत बसली असती." असं म्हणताना ते वीस वर्षांनी तरुण दिसायचे. मग फोटो परत ठेवायचे, आणि पुढचं पान माझ्याकडे सरकवायचे.

टिपण संपत नव्हतं. एकेक पान पुन्हा लिहायचे, मी पुन्हा टाइप करायचो. नववं पान तर मला इतकं पाठ झालं होतं की अर्थ कळत नसूनही हात आपोआप चालायचे. पण सोळा झालं की साहेब अठरा द्यायचे. मी विचारलं, सतरा? "सतरा नंतर." फाईलमध्ये वर सतरा आकडा घातलेला एक कोरा कागद लावून ठेवला होता. कागद पिवळा पडला की तो काढून दुसरा कोरा लावायचे. त्यावरही वर आकडा.

आता हाजी सालेह. साहेबलोकांच्या मेसचा हा खानसामा. पंचेचाळिशीचा, लहानखुरा, पातळ दाढीचा माणूस. लढाईनंतर ईस्ट इंडीजमधून हजला आला आणि परत गेलाच नाही. काही वर्षं मक्केत, काही बसऱ्यात, मग कुवेत. आपल्या लोकांत राहून हिंदुस्तानी शिकला होता. अरब लोक त्या सगळ्या मुलखाला जावा आणि तिथल्या माणसाला जावी म्हणतात, तेव्हा त्याच्या कागदांवर जन्मगाव म्हणून जावा एवढंच होतं. साहेब त्याच्याशी त्याच्या मलय भाषेत दोन-चार शब्द बोलायचे, अंडं असं हवं, भात तसा हवा. जावाचा माणूस, असं कागदावर होतं, त्यामुळे साहेबांनी कधी पुढे विचारलं नाही.

एका शुक्रवारी टायपिंग आटोपून मी मेसच्या स्वयंपाकघरात चहाला गेलो. हाजी तांदूळ निवडत बसला होता. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी गमतीने म्हटलं, "हाजी, एक शब्द मी माझ्या गावाच्या नावापेक्षा जास्त वेळा टाइप केलाय. पालोरी. काय आहे हे पालोरी? नदी की भाजी?"

त्याचा हात सुपात थांबला.

"गाँव है."

"कुणाचं?"

"मेरा."

न कळणारा टायपिस्ट म्हणून ठेवलेला मी. पण गावाचं नाव कुठल्याही भाषेत गावाचंच नाव राहतं, हे ना साहेबांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. हाजीने सूप बाजूला ठेवलं आणि सांगत गेला. पालोरी डोंगरात. पाणी न्यायचं होतं खालच्या गावांना, आणि खडक फोडायचा होता पालोरीजवळ, म्हणून डोंगरातली माणसं पाळीपाळीने कामाला धरली. पाळी पंधरा दिवसांची होती. पण नवा तरुण तुआन, म्हणजे साहेब, त्याला पेरणीच्या आत पाणी खाली पोचवायचं होतं. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. ऊन, ताप, आणि प्यायला डबक्याचं पाणी. हाजी तेव्हा विशीचा होता, बापासाठी भात घेऊन जायचा. एके दिवशी दुपारी गेला तर बाप खडकाला टेकून बसला होता, कुदळ मांडीवर ठेवून. हाक मारली तर उठला नाही.

"अकेला नहीं था," हाजी म्हणाला. "और भी थे."

तो पुढे म्हणाला, "मेरी बहन नीचे के गाँव में ब्याही है. उसका चावल उसी पानी का है. वो बोलती है, अल्लाह तुआन को जन्नत दे. मेरी माँ मरते दम तक कुछ और बोलती थी."

"आणि तू? इतकी वर्षं त्याला जेवू घालतोस, हाजी!"

"अंडा आधा कच्चा माँगता है, आधा कच्चा देता हूँ. और क्या करूँ?"

मग त्याने मला विचारलं, "मेरे बाप का नाम है उसमें? ला पातो. देखोगे?"

सगळ्या टिपणाची कार्बन कॉपी माझ्या कपाटात होती. मी ती दुसऱ्या दिवशी बोट फिरवत, ओळ न् ओळ पाहिली. मुखियांची नावं होती, ती साहेबांच्या तोंडून ऐकून मला ओळखू यायची. ज्या अधिकाऱ्याने कालव्याचं उद्घाटन केलं त्याचं नाव होतं. एका घोड्याचंसुद्धा नाव होतं, अवतरण चिन्हांत; साहेब त्या घोड्याच्या गोष्टी सांगायचे. ला पातो नव्हता. सोळानंतर अठरा होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "नाही, हाजी." तो "अच्छा" म्हणाला आणि कांदा चिरायला लागला. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ते टिपण मी लिहिलेलं नव्हतं, पण त्यातलं प्रत्येक अक्षर माझ्या बोटांतून गेलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी साहेबांना सांगून टाकलं. नोकरी जाणार, असंच धरून चाललो होतो. साहेबांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. रागावले नाहीत. चेहरा मात्र इतका उतरला की मीच घाबरलो.

"त्याचं नाव?"

"हाजी सालेह, सर."

"ते नाही. त्याच्या आधीचं. हजहून आल्यावर ते लोक नाव बदलतात, मिस्टर परकार. मला माहीत आहे. मी स्वतःच लिहिलंय, सहाव्या पानावर." असं म्हणून त्यांनी खरंच सहावं पान काढून त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी हाजीला बोलावलं. त्याच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. हाजी आत आला, खुर्चीकडे बघितलंही नाही, आणि जमिनीवर मांडी घालून बसला, मान खाली, हात जोडलेले. मेसमध्ये तो इतकी वर्षं उभ्याने वाढायचा. पण हे मेस नव्हतं. हे टेबल होतं, कागद होते, समोर तुआन होता. साहेब मलयमध्ये काही म्हणाले, बहुतेक वर बस. हाजी हलला नाही. तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले आणि गुडघे धरत, कसेबसे त्याच्यासमोर जमिनीवर बसले. हाजीला ते सहन होईना. तुआन जमिनीवर, मग आपण कुठे बसायचं? तो तसाच बसल्या बसल्या मागे सरकत गेला, दारापर्यंत, आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर उतरून बसला. साहेब आत जमिनीवर, हा बाहेर एक पायरी खाली, मान आणखी वाकलेली. मी टाइपरायटरपाशी उभा. काय करावं ते तिघांपैकी एकालाही कळत नव्हतं.

साहेब विचारत गेले. हाजीचं उत्तर एकच. "इया, तुआन." होय, साहेब. इतकं मलय मलाही समजत होतं. प्रश्न बदलत होते, उत्तर बदलत नव्हतं. शेवटी साहेब थांबले आणि हाजीला जायला सांगितलं. मग जमिनीवरूनच माझ्याशी बोलले.

"मी विचारलं, वीस माणसं मेली का. होय, तुआन. मी विचारलं, एकही मेला नाही ना. होय, तुआन." त्यांनी टेबलावरच्या फाईलकडे पाहिलं. "ही सगळी पानं अशीच लिहिली आहेत, मिस्टर परकार. मी विचारलं, ते होय म्हणाले, मी लिहिलं. दहा वर्षं."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांच्याबद्दल मला तेव्हा राग होता आणि कीवही होती, आणि दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवावीत ते कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

मी हाजीला नंतर विचारलं, "तुमच्या बोलीत 'नाही'ला शब्दच नाही काय?"

"है ना. तिदाक. घर में बोलते हैं. तुआन के सामने नहीं बोलते."

"मग मला सांग. मी काही तुआन नाही."

त्याला ते पटलं. उलट्या खोक्यावर बसून, मटारच्या शेंगा सोलत, त्याने मला नावं सांगितली. पहिलं ला पातो. मग एकेक. अकरा नावं झाली. पुढे मेसमधून कुणी हाक मारली म्हणून तो उठला आणि मीही उठलो. सतराव्या पानावर ती अकरा नावं मी एकाखाली एक टाइप केली आणि साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी ते पान खूप वेळ वाचलं. अकरा नावं वाचायला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ. मग म्हणाले, "खाली दोन सह्यांची जागा ठेवा." मी ठेवली. देणाऱ्याच्या जागी त्यांनी सही केली. घेणाऱ्याची जागा कोरी राहिली. त्यांनी हाजीला विचारलं, तो "इया, तुआन" म्हणाला, आणि सहीला काही आला नाही. साहेब दर शुक्रवारी विचारायचे, हाजी दर शुक्रवारी होय म्हणायचा, आणि त्याला नेमकं बाजारात जायचं असायचं, मासे आलेले असायचे, चूल पेटलेली असायची. साहेबांनी त्याच्यावर कधी जोर केला नाही. अंडं पूर्वीसारखंच अर्धं कच्चं यायचं. बशीरभाई मला बाजूला घेऊन म्हणायचे, "तू हे कशाला काढलास रे? दोघं सुखानं जेवत होते."

अशी चार-पाच वर्षं गेली. कुवेत वाढलं, वाळूत रस्ते आले, खैतानकडे घरं उठली, पोरं इंग्रजी शाळेत जायला लागली. साहेबांची छाती बिघडली. एकदा धुळीचं वादळ तीन दिवस चाललं, त्यानंतर त्यांचा खोकला थांबलाच नाही. डॉक्टरने घरी जा म्हणून सांगितलं. नवा साहेब आला. कॅम्पचा चार्ज देताना कायपर साहेबांनी तेराही टाक्यांचं पाणी त्याला चाखायला लावलं आणि मगच कागद पुढे केला. याने सही केली, त्याने सही केली, दहा मिनिटांत काम संपलं. साहेब त्या दोन सह्यांकडे बघत राहिले.

ते बोटीने निघाले. मोठी बोट बाहेर नांगरलेली, तिथवर कंपनीच्या लाँचने जायचं. धक्क्यावर निम्मा कॅम्प लोटला होता. म्हाताऱ्या बलुचीने त्यांचे हात डोळ्यांना लावले. हाजी सगळ्यांच्या मागे डबा घेऊन उभा होता. ओहोटी होती, लाँच खूप खाली गेली होती. साहेबांना शिडीवरून उतरवावं लागलं. सामान गेलं, इंजिन सुरू झालं, आणि तेव्हा हाजी पुढे आला आणि डबा खाली दिला. साहेबांनी डबा घेतला आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. मी लांबूनही ओळखला. त्यांनी वर बघून हाजीला काहीतरी विचारलं.

नेहमीप्रमाणे हाजी खाली बसायला गेला. पण बसून काय होणार? साहेब दोन पुरुष उंचीइतके खाली होते. धक्क्यावर तो कुठेही, कसाही बसला असता, तरी वरच राहिला असता. तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला, आणि मग सरळ उभा राहिला.

"तिदाक, तुआन."

आवाज मोठा नव्हता, पण मी ऐकला, आणि साहेबांनीही ऐकला, कारण त्यांनी झटकन पेन काढलं. काय विचारलं होतं ते हाजीने मला मागाहून सांगितलं. साहेबांनी विचारलं होतं, "नावं सगळी आहेत का?"

लाँचचा दोर सुटला होता. हाजी नावं घ्यायला लागला. पहिलं नाव साहेबांनी कागद मांडीवर धरून लिहिलं, बहुधा दुसरंही. मग इंजिनचा आवाज वाढला. हाजी थांबला नाही. त्याने आवाज चढवला नाही, घाईही केली नाही, पाण्याकडे बघत एकामागून एक नाव घेत राहिला. मी खिसे चाचपले. सगळं आयुष्य कागदांत गेलेला मी, आणि त्या दिवशी माझ्या खिशात कागदाचा कपटा नव्हता. संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर हाजी म्हणाला, "जिसको बोलना था, बोल दिया." पुढे त्याने ती नावं पुन्हा कधी घेतली नाहीत. माझ्याकडच्या सतराव्या पानावर अकराच आहेत.

साहेब शेवटचे दिसले ते असे: लाँचच्या मागच्या टोकाला उभे, एका हातात पेन, दुसऱ्या हाताने कागद छातीशी धरलेला, आणि मान वळवून उजवा कान धक्क्याकडे केलेला. कान आमच्याकडे होता म्हणून तोंड समुद्राकडे होतं. लाँच मोठ्या बोटीच्या आड जाईपर्यंत ते तसेच ऐकत उभे होते.